तिसऱ्या पट्ट्यावरची रेघ

सेन्दाई
रविवार, ९ नोव्हेंबर २००३

हारुयो,

पत्राच्या सुरुवातीला हवामानाच्या दोन ओळी लिहाव्यात अशी रीत आहे. इथं थंडी आहे. तिथं जास्त असेल. झाल्या दोन ओळी.

तुझं पत्र मंगळवारी आलं, चौतीस वर्षांनी. उघडायच्या आधी मी शिक्का बघितला, कुशिरोचाच होता. मग तुझं १९६८ सालचं नववर्षाचं कार्ड शोधून काढलं आणि दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून पाहिली. नावाची शेवटची रेघ तू अजून तशीच वर उचलतेस, म्हणजे पत्र तूच लिहिलंयस. सोबतचा डबा मात्र मी उघडलेला नाही. चौतीस वर्षांत कधी न आलेली सॅल्मनची गाबोळी नेमकी आत्ताच का यावी, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आपल्या स्केटिंगच्या रिंकला मार्चमध्ये कायमचं कुलूप लागणार, आणि त्याआधी जुन्या विद्यार्थ्यांचं मंडळ एक पुस्तिका छापणार, हे मला तुझ्याआधी माहीत आहे. मंडळाचे हागा-सान माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. पुस्तिकेत एक पान आहे, आपल्या रिंकवर कुणी काय पहिल्यांदा केलं त्याचं. पहिली बसकी गिरकी, पहिली उडती गिरकी, पहिली अडीच फेऱ्यांची ॲक्सेल. मुलींमधल्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या उडीपुढची जागा अजून पक्की झालेली नाही, म्हणून तू लिहितेस, "नोबुए-सान, त्या दिवशी खुणा तुम्हीच वाचल्या होत्यात. जे पाहिलंत ते दोन ओळींत लिहून द्या. आई नव्वदीची आहे, हॉस्पिटलमध्ये आहे. तिला दाखवायचंय."

जे पाहिलं ते मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तू विसरली असशील तर परत सांगते.

२३ फेब्रुवारी १९६९, रविवार. सकाळी सहा ते सात आपण सगळ्याजणी बर्फावर पात्यानं आठ काढायचो, इंग्रजी आकड्यासारखे दोन जोडलेले गोल, प्रत्येकीला आपापला पट्टा नेमून दिलेला. सातनंतर उड्या. आपल्याला शिकवणाऱ्या ओइकावा सेन्सेईंचा नियम होता की नवीन उडी डोळ्यांनी मोजायची नाही. डोळे प्रेमात पडतात, असं ते म्हणायचे. उडी मारणारीनं बाजूला व्हायचं, वयानं मोठ्या मुलीनं गुडघ्यांवर बसून उतरल्याची खूण वाचायची आणि सांगायचं, एक की दोन. एक रेघ म्हणजे एका पायावर उतरली, उडी झाली. दोन म्हणजे दुसरा पाय टेकला, झाली नाही. मी सोळा वर्षांची होते, तू चौदाची. वाचायचा मान माझा होता.

तू साल्को उडी मारलीस, तीन फेऱ्यांची. मी बसले, वाचलं. बर्फ कोरा होता, रेघा दोन होत्या. मी सांगितलं, दोन. यात लिहून देण्यासारखं नवीन काय आहे?

आणि आईचं आजारपण मध्ये आणलंस ते मला आवडलं नाही. हॉस्पिटलचं नाव तू लिहिलेलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय.

नोबुए कान्नो

*

सेन्दाई
गुरुवार, २७ नोव्हेंबर २००३

हारुयो,

तुझं दुसरं पत्र पोचलं. यात हॉस्पिटलचं नाव आहे, खोलीचा नंबर आहे, एवढंच काय, खिडकीतून बंदर दिसतं तेही आहे. मागितल्यावर इतकं सगळं पुरवणाऱ्या माणसाबद्दल मला जास्तच शंका येते. तरी मी फोन लावला. आइझावा किइ, वय नव्वद, आहेत, असं तिथली नर्स म्हणाली. मी कोण ते सांगितलं नाही.

म्हणजे आई आजारी आहे ते खरं. पण खऱ्या गोष्टीचाही कुणी उपयोग करून घेऊ शकतं.

परवा हागा-सान पर्सिमनची पिशवी घेऊन आले. या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखते, फुकट फळं वाटणाऱ्यांतला तो नाही. मी चहा दिला. त्यांनी पुस्तिकेच्या कटकटी सांगितल्या. उडती गिरकी आपण पहिल्यांदा घेतली असं दोन म्हातारे सांगतायत, आणि आता ते एकमेकांशी बोलतही नाहीत. मग हळूच म्हणाले, "आइझावा हारुयोशी तुमचा काही पत्रव्यवहार चालू आहे म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणाली. फोनवर."

"तुमचे फोनही चालतात तर. आणि काय काय म्हणाली?"

"अहो, एवढंच. आणि तुमची तब्येत विचारली."

"माझी तब्येत कशाला हवी तिला?"

हागा-सान हसले. "नोबुए-सान, तुम्ही चहासुद्धा आधी हुंगून पिता. मीच ओतला असता तर एक वेळ समजलं असतं. हा तुम्हीच केलेला आहे."

हसू देत. पाणी कुठंतरी मुरतंय हे मला कळतं. तुम्ही दोघं मिळून काय ठरवलंयत? आधी मला पत्र, मग गाबोळी, मग पर्सिमन. पुढे काय येणार, सेन्सेईंचं भूत?

एक गोष्ट तू स्वतःच शोधून काढशील, त्याआधी मीच लिहिते. पुस्तिकेतली ती जागा कोरी नाही. तिथं पेन्सिलीनं माझं नाव आहे. पुढच्या हिवाळ्यात, १९७० च्या जानेवारीत, मी तीच उडी मारली आणि खूण स्वतः सेन्सेईंनी वाचली. एक. तुझी धरली नाही तर पहिली माझी ठरते. माझं नाव लिहा असं मी कुणाला म्हटलेलं नाही. खोडा असंही म्हटलेलं नाही.

आता तू म्हणशील, म्हणूनच ही बाई लिहून देत नाही. म्हण. तोक्योच्या शिबिराला आपल्या भागातून एकच मुलगी जायची होती आणि मी गेले, हेही म्हण. त्या शिबिरातून मी काय आणलं ते तुला माहीत असेलच. एक सुजलेला गुडघा. नंतर वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना आठ काढायला शिकवले, आणि १९९० मध्ये स्पर्धांतून आठच काढून टाकले. आता आठ कुणाला नको आहेत.

मला एक सांग. तुझा पाय टेकला नव्हता, तर तू भांडली का नाहीस? "दोन" म्हटल्यावर तू माझ्यासमोर उभी राहून कमरेत वाकलीस आणि रीतीप्रमाणे म्हणालीस, "वाचल्याबद्दल धन्यवाद." लहान मुलीनं मोठीला उलट बोलायचं नाही, हे मलाही माहीत आहे. पण खरं बोलणाऱ्याच्या तोंडून निदान एक हुंदका तरी निघतो. तुझ्या तोंडून काहीच निघालं नाही. त्या गप्प राहण्यावरून मी धरलं की तुला माहीत होतं. इतकी वर्षं तेच धरून आहे.

सेन्सेई शेगडीपाशी हात शेकताना त्या उड्यांची गोष्ट सांगायचे, आठवते? साल्को, लुट्झ, ॲक्सेल, सगळी माणसांची नावं. ते म्हणायचे, "उडी तर हवेत विरून जाते. त्या माणसांची नावं राहिली, कारण बघणाऱ्यानं जाऊन सांगितलं." आपण सगळ्या माना डोलवायचो. माझं लक्ष तेव्हा शेगडीवरच्या रताळ्यांकडे असायचं.

नोबुए

*

सेन्दाई
गुरुवार, ११ डिसेंबर २००३

हारुयो,

तुझं उत्तर नाही. दोन आठवडे झाले. गप्प बसणं हीसुद्धा एक चाल असते, आणि ती तुला चांगली येते हे मी मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

तू गप्प आहेस म्हणून मी कामाला लागले. रिंकवर जाऊन तुला खोटं पाडायचं असं ठरवून सोमवारी निघाले. हागा-सानांनी सेन्सेईंच्या वह्या दोन खोक्यांत भरून ऑफिसात ठेवल्यात. सेन्सेई रोजच्या रोज लिहायचे, कुठल्या पट्ट्यावर कोण, बर्फ कसा, पाणी केव्हा मारलं. तुझ्या उडीच्या आधी ताजं पाणी मारून बर्फ कोरा केला होता, हे मला त्या वहीत दाखवायचं होतं. कोऱ्या बर्फावर दोन रेघा म्हणजे दोन पाय, त्यात वाद नाही.

हागा-सानांनी १९६९ ची वही काढून दिली आणि समोर बसून राहिले. त्या दिवशी सेन्सेईंनी लिहिलं होतं:

"पाइप गोठला. आठांनंतर पाणी मारता आलं नाही. जुन्याच बर्फावर उड्या. पट्टा तीन, कठड्याजवळ: नोबुए, उजव्या पायावर मागे जाणारा आठ. आइझावा, साल्को तीन फेऱ्या, उतरली पट्टा तीनवर. वाचन नोबुए: दोन."

मी कागद उजेडाकडे धरला. मग वास घेतला.

"वही बनावट आहे असं वाटतंय का?" हागा-सान म्हणाले.

"शाई जास्त काळी आहे."

"सेन्सेईंच्या सगळ्याच वह्यांची शाई काळी आहे. दुसरी देऊ?"

"द्या."

त्यांनी १९६८ ची दिली, मग १९७० ची. मी तिन्ही वह्या टेबलावर पसरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. ते तीन वेळा उठून तीन वेळा बसले. शेवटी म्हणाले, "नोबुए-सान, मी साठ वर्षांचा म्हातारा. तुमच्यासाठी चौतीस वर्षांपूर्वीच्या पाइपात बर्फ भरायला जाणार का?"

"तुम्ही ही वही आधी वाचली होतीत?"

"वाचली होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता?"

मी वही मिटली. टोपी घातली आणि घरी आले.

म्हणजे बर्फ कोरा नव्हता. ठीक आहे. माझ्याच आठाच्या रेघा त्यावर होत्या, हेही ठीक आहे. पण म्हणून तुझा पाय टेकला नाही असं सिद्ध होत नाही. दुसरी रेघ तुझी असू शकते. माझी असू शकते, तशी तुझीही असू शकते.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, भात लावला, जेवले, आणि परत येऊन वाचलं. तसंच राहू देते. पत्र आजच टाकते. तू काय करतेस ते तरी कळव.

नोबुए

*

सेन्दाई
मंगळवार, १६ डिसेंबर २००३

हारुयो,

मागच्या पत्रातलं ते वाक्य खोटं आहे. बर्फ कोरा होता असं पहिल्या पत्रात लिहिलं तेही खोटं. पाइप गोठलेला मला चांगला आठवत होता, वहीत ते नसेल एवढ्याच आशेवर मी रिंकवर गेले. बादलीनं गरम पाणी न्यायला मीच सेन्सेईंबरोबर गेले होते.

आता सगळं एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

तू उतरलीस आणि बाजूला झालीस. मी गुडघ्यांवर बसले. तुझी रेघ होती, खोल आणि बाहेरच्या बाजूला वळत गेलेली. तिच्याशेजारी चार बोटांवर दुसरी, बारीक. सेन्सेईंनी कठड्यापाशी उभं राहून विचारलं, "किती?" मी म्हटलं, "दोन." इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते, हारुयो. इथपर्यंत मला खरंच दोन दिसल्या. आणि खरं सांगायचं तर मला दोन दिसायलाच हव्या होत्या. सबंध महिनाभर तुझ्या उड्या बघून माझा जळफळाट होत होता. तू दोन वर्षांनी लहान, आठ धड गोल काढता येत नसे, आणि हवेत मात्र तू माझ्यापेक्षा अर्धी वीत उंच.

मग उठायला मी हात टेकला आणि मान वळली. ती बारीक रेघ मागे कुठवर जाते ते दिसलं. टेकलेल्या पायाची रेघ उतरल्या जागी सुरू व्हायला हवी. ही तिच्या खूप आधीपासून, कठड्याकडून वळत येत होती. माझ्या आठाचा अर्धा गोल होता तो. वीस मिनिटांपूर्वी मीच काढलेला. स्वतःचा आठ मी ओळखणार नाही का? दुसरं काही मला आयुष्यात आलंच नाही.

"दोन" म्हटल्याला तेव्हा एक श्वास झाला असेल. "थांबा, चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. सेन्सेई रागावले नसते, ते चुकीला कधी रागवायचे नाहीत. पण तू समोर येऊन वाकलीस. "वाचल्याबद्दल धन्यवाद." आणि मी उठताना पात्याच्या टाचेनं तिथला बर्फ खरवडून टाकला. मुद्दाम. दुसऱ्या कुणी येऊन वाचू नये म्हणून.

तुझी आई दुकान सोडून येऊ शकली नव्हती. संध्याकाळी मी तुमच्या दुकानावरून जात होते, आई भट्टीवर माशाच्या कामाबोको वड्या भाजत होत्या. मला हाक मारून गरम कामाबोकोची एक काडी हातात दिली आणि म्हणाल्या, "नोबुए-चान, आमची म्हणते पाय टेकला नाही. तू म्हणतेस टेकला. तू मोठी आहेस, तू कशाला खोटं बोलशील? मी रागावलेय तिला. उडी हुकली तर हुकली, पण खोटं नको." मी ती काडी खाल्ली. तिथंच उभी राहून, सगळी.

तुम्ही मे महिन्यात कुशिरोला गेलात. तू बर्फावर पुन्हा उभी राहिली नाहीस, हे मला हागा-सानांकडून कळलं.

मी माणसांवर संशय घेते असं सगळे म्हणतात. भाजीवाली, शेजारीण, टपालवाला, कुणी सुटत नाही. खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो ते मला माहीत आहे ना. आणि बोलणारीचा चेहरा किती साधा असतो तेही.

काल मंडळाची सभा होती. बाराजण आले होते. मी उभं राहून हे सगळं वाचून दाखवलं, टाचेसकट. हागा-सानांनी मला रबर दिलं आणि मी माझं नाव माझ्या हातानं खोडलं. तुझं नाव त्यांनी पेनानं लिहिलं. माझ्या सहीचा कागद सोबत आहे, मंडळाचा शिक्का मारलेला. मोठ्या अक्षरात लिहिलाय, म्हणजे आईंना चष्म्याशिवाय वाचता येईल. जलद टपालानं पाठवतेय, परवा पोचावा. मिळाल्याबरोबर त्यांच्या हातात दे. बंदराकडच्या खिडकीपाशी उजेड चांगला असेल.

आणि त्यांना सांग की खोटं मी बोलले होते. कामाबोको खाल्ल्याचं राहू दे. किंवा तेही सांग.

नोबुए

*

सेन्दाई
सोमवार, २२ डिसेंबर २००३

हारुयो,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. त्याची सुतकाची करडी कड बघितल्यावर मला कळलं की यंदा तुझ्याकडून नववर्षाच्या शुभेच्छा येणार नाहीत, आणि का ते. छापील मजकूर सगळ्यांना पाठवतात तोच. आई आइझावा किइ ५ डिसेंबर रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. ५ डिसेंबर. "गप्प बसणं हीसुद्धा एक चाल असते" असं मी तुला ११ ला लिहिलं. तेव्हा तू काय करत असशील? घर आवरत असशील, नाहीतर त्यांचे कपडे. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी हा कागद लिहून दिला असता तर तो नोव्हेंबरातच पोचला असता. मी अक्षरं ताडत बसले. शिक्का बघत बसले. हॉस्पिटलला फोन केला, तो तुझी लबाडी पकडायला. नर्सनं विचारलं होतं, "काही निरोप आहे का?" मी नाही म्हटलं.

हे लिहिताना रडतेय. तुला दिसणार नाही, म्हणून सांगते.

कार्डाच्या खाली तू हातानं लिहिलंयस. माझा कागद मिळायच्या आधी लिहिलंयस, टपालाचा शिक्का १५ चा आहे. सवयीनं बघितला, माफ कर. "आई शेवटच्या दिवशीही विचारत होती, टेकला होता का गं? मी तिला म्हटलं, नोबुए-सानांनी लिहून दिलंय, एकच पाय होता. ती म्हणाली, मग बरं झालं, आणि झोपली. नोबुए-सान, तुमच्या नावानं मी खोटं बोलले. क्षमा असावी."

तू माझी क्षमा मागतेस.

आईंसाठी उदबत्तीचा पुडा वेगळ्या टपालानं पाठवलाय. वास साधाच आहे, दुकानदारानं तीन दाखवले त्यातला मीच निवडला. पुस्तिका छापून आली की दोन प्रती पाठवीन, एक तुझी, एक त्यांच्या फोटोपुढे ठेवायला. तू नको म्हणालीस तर पाठवणार नाही. रिंकच्या शेवटच्या दिवशी ये असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी तारीख लिहिते, २१ मार्च.

एक मात्र विचारायचं आहे, आणि यात कसली शंका नाही, मला खरंच कळत नाहीये. ५ डिसेंबरला तुझ्या हातात माझी दोनच पत्रं होती, आणि दोन्ही तशी. मी लिहून देईन असं तू कशाच्या भरवशावर आईला सांगितलंस, हारुयो? माझा स्वतःचाही माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता.

नोबुए